‘इन फेव्हर ऑफ’ : बाजू घेताना इंग्रजी घसरू नये म्हणून

मालवणात आमच्या घराच्या पडवीत संध्याकाळी मी इंग्रजीची शिकवणी घेते. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, पर्यटकांना खोल्या देणारी दोन-तीन जोडपी असतात, आणि मुलाकडे परदेशी जायचं ठरलेले एखादे आजोबाही असतात. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात बारावीतली एक मुलगी वादविवाद स्पर्धेचं भाषण लिहून घेऊन आली. विषय आमच्या किनाऱ्यावर कधी शिळा न होणारा होता: पावसाळी मासेमारीबंदी ६१ दिवसांवरून ९० दिवसांवर न्यावी का? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना दर्यात जायला मनाई असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. पोरीच्या घरात बापूस तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, त्यामुळे मुद्दे तिला शोधावे लागले नव्हते. भाषणाचं पहिलं वाक्य मात्र असं होतं:

“आय ॲम इन द फेव्हर टु एक्स्टेंड द फिशिंग बॅन.”

अर्थ कळतो. परीक्षकालाही कळला असता. पण कान असलेला माणूस पहिल्याच वाक्याला अडखळला की पुढचे चांगले मुद्देही तो जरा संशयाने ऐकतो. म्हणून ते वाक्य उलगडून बसलो, आणि त्या संध्याकाळी ‘इन फेव्हर ऑफ’ या तीन शब्दांपलीकडे काही झालं नाही. नव्याने इंग्रजी लिहू-बोलू लागलेल्यांसाठी तेच इथे क्रमाने मांडते.

आधी मराठी वाक्य पुरतं म्हणा

आपली पहिली अडचण शब्दांच्या जागांची असते. मराठीत ‘बंदीच्या बाजूने’ म्हणताना ‘बंदी’ आधी येते आणि ‘बाजूने’ तिच्या मागून. इंग्रजीत ‘इन फेव्हर ऑफ’ पुढे चालतं आणि बंदी त्याच्या मागून येते. हे सगळ्यांना शाळेतच कळलेलं असतं. तरी बोलायच्या घाईत ‘बॅन इन फेव्हर’ असं काहीतरी तोंडातून निघतं आणि ‘ऑफ’ गळून पडतो.

यावर माझा उपाय साधा आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्य मनात पूर्ण म्हणायचं, अर्धवट नाही. ‘बंदी वाढवायला माझा पाठिंबा’ हे अर्धवट झालं. ‘मी बंदी वाढवण्याच्या बाजूने आहे’ हे पूर्ण. आता ‘च्या’ला ‘ऑफ’ आणि ‘बाजूने’ला ‘इन फेव्हर’ अशी जोडी लावली की एकही तुकडा उरत नाही. ‘च्या’ दिसला की ‘ऑफ’ हवाच.

‘द’ खंय गेलो?

मी वहीतला ‘द’ खोडला तेव्हा पोरीने विचारलं, “बाई, ह्यो ‘द’ खंय गेलो?” प्रश्न रास्त होता. शाळेत नामाआधी ‘द’ लावायला इतकं बजावलेलं असतं की तो नसला की पानात मीठ वाढायचं राहिल्यासारखं वाटतं.

पण ‘इन फेव्हर ऑफ’ हा आता जुळून एक झालेला शब्द आहे. त्यातला ‘फेव्हर’ सुटं नाम म्हणून वावरत नाही, म्हणून त्याला ‘द’ लागत नाही. याच घरातली आणखी काही भावंडं: ‘इन स्पाइट ऑफ’, ‘इन केस ऑफ’, ‘इन चार्ज ऑफ’, ‘इन ऑनर ऑफ’. यांतही कुठे ‘द’ नाही. ‘इन द मिडल ऑफ’ आणि ‘इन द नेम ऑफ’ यांत मात्र आहे. असं का, याचा पक्का नियम मला सांगता येणार नाही आणि कोणी सांगितला तरी तो लक्षात ठेवण्यापेक्षा हे पाचसहा प्रयोग मोठ्याने म्हणून पाठ करणं सोपं.

‘इन द फेव्हर ऑफ’ जुन्या इंग्रजीत भेटतो, पण तिथे अर्थ वेगळा: राजाच्या मर्जीत असणं. ‘फेव्हर’ मूळचा लॅटिन, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, आणि मर्जी, कृपा, मेहेरनजर हा त्याचा जुना अर्थ. आजही एखादा खेळाडू निवड समितीच्या मनातून उतरला की ‘ही इज आउट ऑफ फेव्हर’ म्हणतात. तेव्हा कोणी ‘आय ॲम इन द फेव्हर ऑफ द सरपंच’ असं लिहिलं, तर सरपंचांची त्याच्यावर मर्जी आहे असा वास त्याला येतो. ऐन निवडणुकीत तर हे लिहूच नये.

‘ऑफ’च्या पुढे काय येतं

आता दुसरी चूक, ‘टु एक्स्टेंड’ची. ‘ऑफ’च्या पुढे नाम चालतं, किंवा ‘-इंग’ लागलेलं क्रियापद. ‘टु’वालं रूप चालत नाही. हे नियम म्हणून पाठ केलं की परीक्षेपुरतं टिकतं आणि जूनमध्ये वाहून जातं. पण आपल्या मराठीतच याची खूण आहे, आणि ती मला शिकवता शिकवता सापडली.

‘मी बंदी वाढवायला बाजूने आहे’ असं आपण कधी म्हणतो का? नाही. ‘वाढवण्याच्या बाजूने’ म्हणतो. म्हणजे ‘बाजूने’च्या आधी मराठीही क्रियापदाचं नाम करून घेते: वाढवणं, वाढवण्याच्या. मराठीत जिथे ‘-ण्याच्या’ येतं, तिथे इंग्रजीत ‘-इंग’ येतं. वाढवण्याच्या, एक्स्टेंडिंग. बांधण्याच्या, बिल्डिंग. थांबवण्याच्या, स्टॉपिंग. ही जोडी एकदा कानात बसली की ‘टु’ आपोआप मागे राहतो.

पोरीचं वाक्य झालं: “आय ॲम इन फेव्हर ऑफ एक्स्टेंडिंग द फिशिंग बॅन.”

क्रिया करणारा दुसराच कोणी असेल तर? ‘सगळ्या होड्यांनी सहाच्या आत बंदरात यावं, या बाजूने मी आहे.’ इथे बहुतेक जण ‘आय ॲम इन फेव्हर दॅट ऑल बोट्स शुड रिटर्न’ लिहितात. ‘इन फेव्हर’ला ‘दॅट’ चिकटत नाही. करणारा ‘ऑफ’च्या लगेच पुढे ठेवायचा आणि क्रियापद ‘-इंग’ करायचं: “आय ॲम इन फेव्हर ऑफ ऑल बोट्स रिटर्निंग बिफोर सिक्स.” वाक्य लांबच लांब होऊ लागलं तर हा हट्ट सोडावा आणि ‘आय थिंक ऑल बोट्स शुड रिटर्न बिफोर सिक्स’ असं सरळ लिहून मोकळं व्हावं. सरळ वाक्याला कोणी गुण कापत नाही.

जाता जाता दोन सख्ख्या चुका. ‘आय सपोर्ट टु एक्स्टेंड’ चालत नाही. ‘सपोर्ट’ला थेट नाम किंवा ‘-इंग’ लावा, मध्ये काही नको. आणि ‘आय ॲम अग्री’ तर आपल्या अख्ख्या जिल्ह्याचं लाडकं वाक्य आहे. ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे त्याला ‘ॲम’ची काठी लागत नाही. ‘आय अग्री’, बस्स.

आधी कोणतं क्रियापद

नुसतं मत असेल तर ‘आय ॲम इन फेव्हर ऑफ’. भाषण करत असाल तर ‘आय ॲम स्पीकिंग इन फेव्हर ऑफ द मोशन’. वादविवादात विषयाला ‘मोशन’ म्हणतात, आपला ‘प्रस्ताव’. लेखात युक्तिवाद करत असाल तर ‘आर्ग्यू इन फेव्हर ऑफ’. दोन्ही बाजू तोलून शेवटी एकीकडे कलला असाल तर ‘केम डाउन इन फेव्हर ऑफ’. हे शेवटचं मला फार आवडतं. कुंपणावर बसलेला माणूस अखेर एका अंगाला उतरतो, तसं चित्र त्यात आहे.

पाठिंब्याचा जोर दाखवायचा तर ‘स्ट्राँगली इन फेव्हर’. तत्त्वतः होय पण बारीकसारीक हरकती आहेत, तर ‘ब्रॉडली इन फेव्हर’. मुलं ‘व्हेरी इन फेव्हर’ लिहितात, ते टाळा. ‘व्हेरी मच इन फेव्हर’ म्हणा.

मतदानाच्या भाषेत ‘ऑफ’ कधी गळतो तेही बघा. कशाच्या बाजूने हे आधीच स्पष्ट असेल तर ‘ऑफ’ची गरज उरत नाही. आमच्याकडे ग्रामसभेत १ मे किंवा १५ ऑगस्टला ठराव येतो, सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर. त्याचं इतिवृत्त इंग्रजीत करायचं झालं तर: “ट्वेल्व्ह व्होटेड इन फेव्हर, थ्री अगेन्स्ट, अँड टू ॲबस्टेन्ड.” बारा बाजूने, तीन विरोधात, दोन तटस्थ. सूचक म्हणजे ‘प्रपोझर’, अनुमोदक म्हणजे ‘सेकंडर’. ठराव मंजूर झाला, तर ‘द मोशन वॉज कॅरिड’. कुठे वाहून नेला म्हणून विचारू नका, मंजूर होण्यालाच तसं म्हणतात. गप्पांत ‘आय सेकंड दॅट’ म्हणतात तेही या सभेतूनच बाहेर पडलेलं आहे: अनुमोदन आपलं.

लोकसभेचं थेट प्रक्षेपण बघत असाल तर अध्यक्ष विचारतात ते कान देऊन ऐका. जे ‘इन फेव्हर’ आहेत त्यांनी ‘आय’ म्हणावं, जे विरोधात आहेत त्यांनी ‘नो’. मग आवाजाचा अंदाज घेऊन अध्यक्ष म्हणतात, ‘आय थिंक द आइज हॅव इट’. त्या अंदाजाला कोणी आव्हान दिलं तर मतविभाजन होतं आणि मतं मोजली जातात. हा ‘आय’ म्हणजे ‘मी’ नव्हे, डोळाही नव्हे, आणि आपली आय तर नव्हेच. होकाराचा तो जुना शब्द आहे, उच्चार तेवढा सारखा. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “इतकी वर्षां टीव्हीवर बघतंय, माका वाटला सगळे ‘मी, मी’ करतत.” मी दुरुस्त करायला गेले नाही.

वारा आमच्या बाजूने

इथवर माणूस बाजू घेत होता. आता बाजू घेणारा कोणी नसतो, गोष्टच आपल्याला अनुकूल असते, तेव्हा काय करायचं ते बघू. नवखे इथेच सगळ्यात जास्त घसरतात.

शिडाच्या होड्या होत्या तेव्हाचं जुने लोक सांगतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटायचे, त्यांवर होडी बाहेर काढायची. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे आले की त्यांवर परत फिरायचं. वाऱ्याला काही मत नसतं. तो आपल्या कामाचा, एवढंच. मराठीत आपण तरीही ‘वारा आमच्या बाजूने होता’ म्हणतो, म्हणून मुलं लिहितात ‘द विंड वॉज इन फेव्हर ऑफ अस’. इंग्रज माणूस म्हणेल, “द विंड वॉज इन अवर फेव्हर.”

फरक जागेचा आहे. फायदा ज्याचा, त्याचं सर्वनाम ‘इन’ आणि ‘फेव्हर’च्या मध्ये बसतं: इन माय फेव्हर, इन हिज फेव्हर, इन अवर फेव्हर. मी मुलांना अशी चाचणी देते: मराठी वाक्यात ‘बाजूने’ काढून ‘अनुकूल’ किंवा ‘फायद्याचं’ ठेवून बघा. अर्थ टिकला तर सर्वनाम मध्ये घाला. ‘वारा आम्हांला अनुकूल होता’ चालतं, म्हणून ‘इन अवर फेव्हर’. ‘मी बंदीला अनुकूल आहे’ हे म्हणजे मत झालं, तिथे ‘इन इट्स फेव्हर’ म्हणू नका, ‘आय ॲम इन फेव्हर ऑफ इट’ म्हणा.

कोर्टाचा निकाल या दोहोंच्या मधोमध बसतो. आमच्या भागात भावकीचा एखादा दावा नसलेलं घर शोधावं लागेल. आंब्याचं एक कलम आणि त्यावर तीन पिढ्यांचे वकील. निकाल लागला की नाव घेऊन सांगताना ‘द कोर्ट रूल्ड इन फेव्हर ऑफ द टेनंट’, कुळाच्या बाजूने. आपलंच सांगताना मात्र ‘द कोर्ट रूल्ड इन अवर फेव्हर’. नाव असेल तर ‘ऑफ’च्या पुढे ठेवा, सर्वनाम असेल तर मध्ये घाला. हे धोरण शंभरातल्या नव्वद वेळा तारून नेतं.

आणि एखाद्या उमेदवाराला तुमचा पाठिंबा असेल तर? ‘आय ॲम इन हर फेव्हर’ कानाला खटकतं. ‘आय सपोर्ट हर’ किंवा ‘आय ॲम फॉर हर’ म्हणा. माणसाच्या बाबतीत साधा शब्द बरा.

टाकलं काय, घेतलं काय

या शब्दप्रयोगाचा एक तिसरा अर्थ आहे. तो पुस्तकात उशिरा येतो आणि व्यवहारात लवकर अडवतो.

आमच्या शेजारच्या वाडीत एक भावोजी पर्यटकांना तीन खोल्या देतात. खोल्यांचं आरक्षण एका कंपनीमार्फत होतं. तिला ते दर महिन्याला ठरावीक रक्कम देत. एक दिवस मोबाइलवर तिचा मेल आला. त्यांनी अर्धा वाचला आणि आमच्या अंगणात येऊन सांगितलं, “वयनी, फी आमच्या फेवरात झाली!” सोबत खाजं होतं. मीही खाल्लं. मेल वाचायचं मला तेव्हा सुचलं नाही, हा दोष माझा. दिवाळीच्या सीझनचा हिशोब आला तेव्हा प्रत्येक आरक्षणामागे १५ टक्के कापलेले. मग तो मेल उघडून बसलो. वाक्य होतं:

“वी आर डिसकंटिन्युइंग द फिक्स्ड मंथली फी इन फेव्हर ऑफ अ फिफ्टीन पर्सेंट कमिशन.”

भावोजींच्या डोळ्यांनी ‘फिक्स्ड फी’ टिपली, मग ‘इन फेव्हर’ टिपलं आणि दोन्हींची गाठ मारली. वाक्य सांगत होतं की ठरावीक फी बंद, तिच्या जागी १५ टक्के कमिशन. कंपनीने लपवाछपवी केली असं मी म्हणणार नाही, सगळं लिहिलेलंच होतं. पण सरळ ‘इन्स्टेड’ लिहिलं असतं तर माझ्या पोटात ते खाजं इतकं जड झालं नसतं.

इथे ‘इन फेव्हर ऑफ’चं मराठी ‘बाजूने’ नव्हेच. ते आहे ‘सोडून’. आणि क्रम नीट धरायचा: प्रयोगाच्या आधी जे येतं ते टाकलं, ‘ऑफ’च्या पुढे जे येतं ते घेतलं. ‘द फिशरमेन गेव्ह अप सेल्स इन फेव्हर ऑफ एंजिन्स’, शिडं सोडून इंजिनं घेतली. ‘मेनी हाउसेस हॅव गिव्हन अप टाइल्स इन फेव्हर ऑफ मेटल शीट्स’, मंगलोरी कौलं गेली, पत्रे आले. पत्रा घराला शोभतो की नाही हे वाक्य सांगत नाही. ते तुम्ही पावसात आत बसून ठरवा.

हा अर्थ ओळखायचा कसा? आधीचं क्रियापद बघा. ‘ड्रॉप’, ‘रिजेक्ट’, ‘अबँडन’, ‘गिव्ह अप’, ‘स्क्रॅप’, ‘डिसकंटिन्यू’ असं टाकण्या-सोडण्याचं क्रियापद दिसलं की सावध व्हा. पुढच्या ‘इन फेव्हर ऑफ’मध्ये पर्याय दडलेला असतो. माणसांच्या बाबतीतही असंच: ‘ही वॉज पास्ड ओव्हर इन फेव्हर ऑफ अ यंगर मॅन’, याला डावलून धाकट्याला घेतलं. नोकरीच्या पत्रात असं काही दिसलं तर पेढे मागवू नका.

वतीने आणि बाजूने

अर्ज-निवेदनांत हमखास होणारा घोटाळा ‘ऑन बिहाफ ऑफ’शी होतो. एका तरुणाने मच्छीमारांच्या मागण्यांचं पत्र इंग्रजीत लिहून आणलं: “आय ॲम रायटिंग इन फेव्हर ऑफ द फिशरमेन ऑफ अवर व्हिलेज.” त्याला विचारलं, “तू त्यांच्या वतीने लिहितोयस की त्यांच्या बाजूने?” तो क्षणभर थांबला. संस्थेने त्याला लिहायला सांगितलं होतं, म्हणजे वतीने. मग ‘ऑन बिहाफ ऑफ’.

वतीने म्हणजे त्यांनी मला पाठवलं, माझ्या तोंडून ते बोलतायत. बाजूने म्हणजे त्यांनी पाठवलेलं नसलं तरी मला त्यांचं पटतं. वकील अशिलाच्या वतीने उभा असतो, त्याचं खासगी मत काहीही असो. मराठीत आपण हे दोन शब्द कधी मिसळत नाही, फक्त इंग्रजीत गेलं की दोन्हींना एकच पोतं लावतो. म्हणून पुन्हा तेच, मराठी वाक्य आधी.

‘इन सपोर्ट ऑफ’ जवळचा नातेवाईक, पण तो जरा हातपाय हलवणारा. मोर्चा, सह्यांची मोहीम, बंद, उपोषण या गोष्टी ‘इन सपोर्ट ऑफ’ होतात. पारंपरिक मच्छीमारांसाठी, माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरोधात मोर्चा निघाला तर तो ‘अ मार्च इन सपोर्ट ऑफ ट्रॅडिशनल फिशरमेन’. ‘इन फेव्हर ऑफ’ला घरी खुर्चीत बसूनही असता येतं.

सुटे तुकडे

डिमांड ड्राफ्टच्या सूचनेत ‘ड्रॉन इन फेव्हर ऑफ’ असतं तेव्हा मराठी ‘च्या नावे’. पैसे कोणाला मिळायचे, एवढाच अर्थ. त्याच्या पुढे ‘पेएबल ॲट’ येतं, म्हणजे ड्राफ्ट कुठे वटायचा ते गाव.

स्पेलिंग भारतात आणि ब्रिटनमध्ये शेवटी ओ-यू-आर, अमेरिकेत नुसतं ओ-आर. नोआ वेबस्टर यांच्या १८२८च्या शब्दकोशाने अमेरिकेत ‘यू’ गाळलेली रूपं रूढ करायला मोठा हात लावला. दोन्ही बरोबर आहेत. एकाच पत्रात दोन्ही नकोत. मोबाइल आपणहून अमेरिकन करून टाकतो, त्यामुळे पाठवण्याआधी एक नजर टाका.

‘डू मी अ फेव्हर’ म्हणजे माझं एक काम कर, उपकार कर. याचा बाजूशी संबंध नाही. आणि मराठी बोलण्यात आपण ‘सर त्याला फेवर करतात’ म्हणतो ते पक्षपाताचं. इंग्रजीतही ‘द टीचर फेव्हर्स हिम’ म्हणजे झुकतं माप. म्हणून एखाद्या माणसाविषयी ‘आय फेव्हर हिम’ लिहिताना जपून. तुम्ही पाठिंबा म्हणाल आणि वाचणारा पक्षपात वाचेल.

आणखी एक, कारण कोकणात हा प्रश्न येतोच. ‘करी फेव्हर’ म्हणजे लोणी लावणं, हांजी-हांजी करणं. यात माशाची करी नाही आणि सोलकढी तर मुळीच नाही. ‘करी’ म्हणजे घोड्याला खरारा करणं. चौदाव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल नावाचा लबाड घोडा आहे, आणि बडेबडे लोक त्याला खरारा करायला धडपडतात. इंग्रजीत त्याचं आधी ‘करी फेव्हेल’ झालं, मग घोडा विस्मरणात गेला आणि लोकांनी ओळखीचा ‘फेव्हर’ तिथे बसवला.

तोंडी बोलताना

शेवटी एक माझं स्वतःचं मत. ‘इन फेव्हर ऑफ’ हा इस्त्रीचा सदरा आहे. सभा, भाषण, अर्ज, निबंध, मुलाखत इथे तो शोभतो. मित्राने विचारलं, ‘रविवारी तारकर्लीला जाऊया?’ तर ‘आय ॲम इन फेव्हर ऑफ गोइंग टु तारकर्ली’ म्हणणाऱ्याला मित्र समुद्रात ढकलतील. तिथे ‘आय ॲम फॉर इट’ किंवा मनापासून असेल तर ‘आय ॲम ऑल फॉर इट’. ‘ऑल’ घातला की ‘अगदी एका पायावर तयार’ असा रंग येतो. ‘फॉर’च्या पुढेही तोच नियम, नाम किंवा ‘-इंग’. ‘साउंड्स गुड’ तर सगळ्यात स्वस्त.

सरावाला चार वाक्यं देते. ‘आम्ही रस्ता रुंद करण्याच्या बाजूने आहोत.’ ‘नाणेफेक आमच्या बाजूने लागली.’ ‘समितीने जुना आराखडा सोडून नवा घेतला.’ ‘मी बागायतदारांच्या वतीने बोलतो आहे.’ चारही ठिकाणी आधी ठरवा: मत, फायदा, सोडणं की वतीने? मग लिहा. पहिल्यात ‘वायडनिंग’ येईल, दुसऱ्यात ‘अवर’ मध्ये बसेल, तिसऱ्यात जुना आराखडा प्रयोगाच्या आधी येईल, आणि चौथ्यात ‘फेव्हर’ नाहीच.

त्या पोरीचं भाषण तीन दिवसांत तयार झालं. ‘इन फेव्हर ऑफ एक्स्टेंडिंग’ तर ती झोपेतही म्हणू शकली असती. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती पडवीच्या पायरीवर येऊन बसली, तोंड एवढंसं. कॉलेजात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि तिच्या वाट्याला विरोधी बाजू आली होती. बापूस खूश होता. ९० दिवस बोट जेटीला बांधून ठेवायची त्याची तयारी कधीच नव्हती. तिला मात्र वेगळीच काळजी.

“बाई, ‘अगेन्स्ट’च्या म्होरं ‘ऑफ’ येता?”

“नाही. थेट ‘अगेन्स्ट एक्स्टेंडिंग द बॅन’.”

“आणि ‘द’?”

“अगेन्स्टच्या आधी? नाही.”

“मगे बरा आसा,” म्हणाली, आणि वही उघडली.